खुलताबादची जादा गाडी

आमच्या कॉलनीत आजही कोणाला विचारलं तर तो सांगेल, की कंट्रोलर साहेबांना शेवटी विसरण्याचा आजार झाला, डोकं कामातून गेलं, म्हणून पुतण्या त्यांना सिल्लोडला घेऊन गेला. हे खोटं आहे. त्यांना काहीही झालेलं नव्हतं. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागते, हे त्यांना शेवटपर्यंत तोंडपाठ होतं. आजार होता तो दुसऱ्याच एका घरात होता. ते घर कोणतं, हे मला पहिल्यापासून माहीत होतं, कारण ते माझंच होतं.

मी कॉलनीचा अध्यक्ष होतो. एक शब्द बोललो असतो तरी पुरलं असतं. बोललो नाही, म्हणून आता लिहितो आहे.

कंट्रोलर हे त्यांचं नाव नव्हे. बसस्थानकावर ते वाहतूक नियंत्रक होते. चौकशीच्या खिडकीमागं बसून गाड्यांची घोषणा करायची, हे त्यांनी आयुष्यभर केलं. निवृत्तीच्या दिवशी माइक तिथंच ठेवावा लागला, पण घोषणा ते बरोबर घेऊन आले. काही सांगायचं असलं की हातात असेल ती वस्तू तोंडाशी धरायची. बहुतेक वेळा स्टीलचा पेला. एकदा टॉर्च, एकदा मुळा. एरवी ते साधं सिल्लोडकडचं बोलत. पेला तोंडाशी गेला की भाषा एकदम शुद्ध होई आणि आवाज पत्र्याच्या छपराखालून आल्यासारखा घुमे.

लग्नाच्या पंगतीत ते उभे राहत. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. जिलबी फलाटावर लागलेली आहे." मग थोडं थांबून तेच पुन्हा. प्रत्येक गोष्ट दोनदा. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "पयल्यांदा माणूस नुसता आवाज ऐकतो साहेब. काय सांगितलं ते दुसऱ्यांदा कळतं."

आमच्या ओळीतले एक वृद्ध गेले, तेव्हा मुलगा नाशिकहून यायचा होता आणि सगळे ताटकळत उभे होते. कंट्रोलरांनी दारातला तांब्या उचलला. "अंत्ययात्रा अर्धा तास उशिराने सुटेल. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." लोकांनी सवयीनं घड्याळं पाहिली आणि निम्मे चहाला निघून गेले. घरच्या मंडळींना राग आला, पण खरं सांगायचं तर त्या दिवशी यात्रा बरोबर अर्ध्या तासानं सुटली.

त्यांची बायको फार लवकर वारली होती. "लवकरच्या गाडीनं गेली," एवढंच ते सांगत. कोपऱ्यावरच्या घरात एकटे राहत. त्यांच्या आईला मात्र सिल्लोडला हा विसरण्याचा आजार झाला होता आणि त्या दिवसांविषयी ते पुष्कळ बोलत. आईला पाहायला जो येई तो खाटेजवळ वाकून एकच विचारी, "ओळखलं का मला?" मावशी, मामा, चुलत्याच्या सुना, सगळे. म्हातारी बावरून पदर तोंडावर ओढून घ्यायची. मग पाहुणा वळून सांगायचा, "नाही ओळखलं."

"माझ्या मायनं जन्मात शाळा पायली नाय," कंट्रोलर म्हणत, "अन् मरताना सगळं गाव तिची परीक्षा घेत व्हतं."

निवृत्तीनंतर ते कुठल्याशा डॉक्टरच्या मोफत शिबिरात जाऊन बसले. तिथं त्यांना कळलं, की आई चुकत नव्हती, पाहुणे चुकत होते. झालं. तेव्हापासून सगळ्या शहरानं 'ओळखलं का' विचारणं बंद करावं, हे त्यांनी मनावर घेतलं. बाजारातून गळ्यात अडकवायचा स्पीकर आणला. रविवारच्या बाजारात भाजीच्या ओळीत उभे राहून ते सांगू लागले, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. म्हाताऱ्या माणसाला ओळखलं का असं विचारू नये. आधी आपलं नाव सांगावं. कुठून आलो, कोणामार्गे आलो आणि किती वेळ थांबणार, तेही सांगावं. आजीनं जेवून पुन्हा जेवण मागितलं, तर आत्ताच जेवलीस म्हणू नये. वाढते म्हणावं." स्पीकरची बॅटरी एका वांगीवाल्याकडे चार्ज होई. त्या बदल्यात मधेमधे वांग्यांचा भावही सांगावा लागे. त्यामुळं बऱ्याच जणांची अशी समजूत झाली, की वांगी खाल्ल्यानं हा आजार बरा होतो. ती दूर करायला त्यांना पुढचे दोन रविवार गेले.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ते मोबाइलवर बोलून ध्वनिसंदेश पाठवत. आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर सकाळी फुलांची चित्रं येत आणि त्याखाली कंट्रोलर. "आजोबांनी चष्मा फ्रिजमध्ये ठेवला तर हसू नये. चष्मा पुसून द्यावा."

मग त्यांनी मिस कॉलची सेवा काढली. नंबर स्पीकरच्या पाठीवर रंगवून घेतला. मिस कॉल दिला की लगेच उलटा फोन येई.

"नमस्कार. विसरण्याच्या आजाराची माहिती देणाऱ्या सेवेत आपलं स्वागत आहे. स्वतःला विसर पडत असेल, तर एक दाबा. घरात कोणाला पडत असेल, तर दोन दाबा. शेजाऱ्याविषयी बोलायचं असेल, तर फोन ठेवा."

लोकांना वाटे, काय सोय केली आहे. सोय वगैरे काही नव्हती. ते स्वतःच बोलत. आकडा दाबल्याचा टूं आवाज ऐकायचा आणि पुढचं म्हणायचं. मागं कुकरच्या शिट्ट्या होत. एकदा दूध उतू गेलं, तेव्हा "तांत्रिक अडचणीमुळे सेवा काही काळ बंद राहील" असं ऐकू आलं आणि पाठोपाठ सांडशी पडल्याचा आवाज.

मी म्हणालो, "अहो, मशीन कशाला व्हायचं? सरळ माणसासारखं बोला ना."

"माणसापुढं माणूस लाजतो साहेब. मशीनपुढं कोन लाजतं? एटीएमपुढं लोकं काय काय तोंडं करत्यात, पायलंय का कधी?"

मला वाटतं, तेव्हाच त्यांनी माझ्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं.

आता माझ्या घरातलं सांगतो. माझी बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. कॉलनीतली निम्मी पोरं तिच्या हाताखालून गेली. मी अध्यक्ष झालो तोही तिच्याच नावावर. मला स्वतःला कोणी ओळखत नव्हतं. 'बाईंचे मिस्टर' हीच माझी ओळख. त्या बाई एका सकाळी भाजीत चहापत्ती घालून बसल्या. पुढं पोरांची नावं गेली, मग वार गेले. मग दुपार झाली की पिशवी घेऊन दाराशी उभी राहायची. "मला घरी जायचंय. खुलताबादला. आई वाट बघत असेल." आई जाऊन किती वर्षं झाली, माहेरचं घर विकूनही झालं होतं. मी दार लावून घ्यायचो. पुण्यातला मुलगा फोनवर विचारायचा, तर आई मजेत आहे म्हणायचो. तिची अब्रू राखतोय असं मी स्वतःला सांगत होतो. राखत होतो ती माझी.

एक दिवस समोरच्या जाधवबाई हळदीकुंकवाचं बोलवायला आल्या. दारातूनच म्हणाल्या, "काय बाई, ओळखलं का? किती दिवसांत दर्शन नाही."

बायकोचा चेहरा असा झाला, जसा फळ्यापुढं उभं केलेल्या पोराचा होतो. मी घाईनं बोलणार, तेवढ्यात मागून कंट्रोलर पेला घेऊन हजर. दुधाला निघाले होते.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. समोरच्या घरातून हळदीकुंकवामार्गे आलेल्या जाधवबाई आपल्या दारात लागलेल्या आहेत. थांबा पाच मिनिटं."

"या ना जाधवबाई," बायको लगेच म्हणाली. "बसा. पाणी आणते."

जाधवबाई जाताना मला हळूच म्हणाल्या, "काय येडा माणूस आहे हो. आणि मी काय एस.टी. आहे का, लागायला?" मीही त्यांच्याबरोबर हसलो.

त्याच आठवड्यात मी मिस कॉल दिला. मुलाचं जुनं सिम घातलं होतं आणि नाकातून बोलत होतो. दोन दाबलं आणि सगळं सांगून टाकलं. दुपारचं, पिशवीचं, खुलताबादचं. परवा ती कॉलनीच्या फाटकाबाहेरच्या वळणावर उभी होती, मी हाताला धरून ओढलं, तर अनोळखी माणसानं धरल्यासारखी ओरडली, तेही सांगितलं.

"आपली माहिती मिळाली आहे. ती कोणालाही सांगितली जाणार नाही," मशीन म्हणालं. "आपली माहिती मिळाली आहे. ती कोणालाही सांगितली जाणार नाही." मग थांबून, "नाकातून बोलल्याने घशाला त्रास होतो. गरम पाणी घ्यावे."

दोनच दिवसांत कॉलनीत डबे दिसू लागले. दुकानांच्या दारावर असतात ते, माणूस जवळून गेला की 'आइए आइए' म्हणणारे. कंट्रोलरांनी पैठण गेटजवळच्या मोबाइलच्या दुकानांतून ते आणून आतला आवाज बदलून घेतला होता. एक वळणावर, एक दूध डेअरीशी, एक कॉलनीच्या फाटकावर. जवळून गेलं की बोलत, "बाई, ऊन फार आहे. घाई करू नका. खुलताबादची गाडी संध्याकाळी आहे. तोवर घरी चहा घ्या. घर मागे आहे. निळं फाटक."

निळं फाटक कॉलनीत माझं एकट्याचं होतं. आता सगळ्यांना कळणार होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर कंट्रोलर आपलंही फाटक निळं रंगवत होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "आता मला बी विसर पडायला. रस्ता सापडत नाय. माझ्यासाठी लावलेत डबे."

"पण तो 'बाई' म्हणतो," जाधवबाईंनी शंका काढली.

"आजार झाल्यावं बाप्या काय अन् बाई काय."

बायको दुपारी पिशवी घेऊन निघे, कॉलनीच्या फाटकावरच्या डब्याशी थांबे, नीट ऐकून घेई. "बरं," असं त्याला म्हणून मागं फिरे. कधी माझ्या घरी येई, कधी कंट्रोलरांच्या, फाटकं सारखीच होती. त्यांच्याकडं गेली तर ते चहा पाजून आणून सोडत. मी किती महिन्यांनी दुपारी झोपलो ते मला माहीत.

पण डब्याला माणसं ओळखता येत नव्हती. त्याच्यापुढून जे जाईल त्याला तो घरी पाठवी. कुत्री, सायकली, गॅसवाला. डेअरीवाले शेखभाई एकदा तक्रार घेऊन आले. "साहब, वो डब्बा मेरे बकरे कू बी घर का रस्ता बता रा. दिन में दस बार घर जा रा वो. चारा खा के फिर वापस आ रा. मेरा दिवाला निकल जायेंगा." मग हसले. "लेकिन चलने दो. कंट्रोलर साब का दिल अच्छा है."

जाधवबाईंच्या मुलाचं लग्न निघालं तोवर सगळं चालून गेलं. नवरदेव घोड्यावर, पुढं बँड, मागं वऱ्हाड, क्रांती चौकातल्या कार्यालयाकडं निघालेलं. कॉलनीच्या फाटकाशी आले आणि डबा सुरू झाला. "घाई करू नका. ऊन फार आहे. घर मागे आहे." बँडवाल्यांना वाटलं, कोणी वडीलधारं थांबवतंय, त्यांनी वाजवणं थांबवलं. बँड थांबला की थांबायचं ही घोड्याची सवय. घोडा नेमका डब्यासमोर थांबला. आता डबा काही थांबेना. "चहा घ्या. घर मागे आहे. गाडी संध्याकाळी आहे." मुलीकडचे न्यायला आलेले दोघे एकमेकांकडं बघू लागले. नवरदेवानं खरोखरच एकदा मागं वळून घराकडं पाहिलं, आणि ते मुलीच्या मामानं पाहिलं. मुहूर्त टळला. लग्न लागलं, पण मानपानाचा वाद उशिरापर्यंत मिटेना.

दुसऱ्या दिवशी सभा. मी अध्यक्षस्थानी. जाधवबाई बोलायला उभ्या राहिल्या. "दुसऱ्यांना आजाराचं शिकवतात आणि झालाय त्यांनाच. डबे काढा. नाहीतर आम्ही फोडू."

"डब्बे का क्या कसूर?" शेखभाई म्हणाले. "घोड्या कू पूछो."

कोणी हसलं नाही. सगळे माझ्याकडं पाहू लागले. कंट्रोलरही. डबे कोणासाठी आहेत हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं.

"वयोमानानुसार होतं असं," मी म्हणालो. "त्यांनाच... तसं दिसतंय खरं. डबे काढलेले बरे."

कंट्रोलरांनी पुढ्यातला पाण्याचा पेला रिकामा करून तोंडाशी धरला. "सूचना मान्य आहे. सूचना मान्य आहे." मग माझ्याकडून स्टूल मागून नेलं आणि डबे स्वतःच्या हातानं काढले.

त्यानंतर आठवडाही गेला नसेल. मी जेवून जरा आडवा झालो आणि उठलो तर दार उघडं. पिशवी नाही, बायको नाही. कॉलनीच्या फाटकाशी तिला थांबवायला आता डबा नव्हता. शेजाऱ्यांना हाक मारावी हे मनात आलं नाही असं नाही. आलं, आणि मी ते मागं सारलं. घरात जाऊन मिस कॉल दिला.

"नमस्कार. विसरण्याच्या आजाराची..."

मी दोन दाबलं. "ती घरात नाही," मी म्हणालो. या वेळी नाकातून बोलायचं राहून गेलं.

"पिशवी घेऊन गेल्या का?" मशीननं विचारलं.

"हो."

"प्रतीक्षा करावी." आणि पलीकडं चपला फटाफट वाजत निघाल्याचा आवाज आला. मशीन पळत होतं. फोन बंद करायचाही राहिला होता.

पुढचं मला त्यांनी नंतर सांगितलं. बसस्थानक आमच्या कॉलनीपासून चालत जाण्याजोगं. बायको बाकड्यावर खुलताबादच्या प्रवाशांत बसली होती, पिशवी मांडीवर घट्ट धरून. ते जवळ गेले, नाव-गाव सगळं रीतसर सांगितलं, चला म्हणाले. ती हलेना. "माझी गाडी यायचीय," म्हणाली. गाडी खरोखरच येणार होती. हाताला धरून ओढायचं नाही, हे मशीनला माहीत होतं. मग ते चौकशीच्या खोलीत गेले. तिथला माणूस ओळखीचा, पाणी प्यायला उठलेला. त्यांनी माइक घेतला. पेला नव्हे, खरा माइक, किती वर्षांनी.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. खुलताबादकडे जाणारी जादा गाडी आज क्रांती चौकामागील कॉलनीतून, निळ्या फाटकापासून सुटेल. प्रवाशांनी तिकडे प्रस्थान करावे." आणि पुन्हा एकदा.

बायको उठली. तिच्याबरोबर बाकडंही उठलं.

मी फाटकाशी उभा होतो. रस्त्याच्या टोकाला आधी कंट्रोलर दिसले, मग पिशवी सांभाळत येणारी माझी बायको, आणि तिच्यामागं खुलताबादचे प्रवासी. डोक्यावर पोतं घेतलेला एक म्हातारा, तेलाचा डबा, पिशवीतून मान काढलेली कोंबडी, दर्ग्याला निघालेलं एक कुटुंब. मिरवणूकच. सगळी दारं उघडली. बायको माझ्याजवळून सरळ आत गेली, मागं वळून त्या गर्दीला म्हणाली, "रांगेत बसा. गडबड नको. मी चहा टाकते." आणि खरोखर ते सगळे पायऱ्यांवर रांगेत बसले. तिच्या आवाजात अजून वर्ग होता.

थोड्या वेळानं पोतंवाला म्हातारा उठला. "गाडी कुठंय?" तो म्हणाला. मग त्यानं कंट्रोलरांची कॉलर धरली. "कामून आनलं आमाला हितं? तूच बोलला ना रे माइकवर? चेष्टा करतो का गरिबाची?"

जाधवबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "आणि बाई कशा काय यांच्यात?" त्यांनी मला विचारलं.

सगळी कॉलनी तिथं होती. आतून कपबश्यांचा आवाज येत होता. मला एवढंच म्हणायचं होतं, की यांची कॉलर सोडा, हे माझ्या बायकोला घेऊन आलेत. एका वाक्याचं काम.

"ती भाजीला गेली होती, गर्दीत सापडली," मी म्हणालो. "आणि यांना माफ करा मंडळी. यांना विसरण्याचा आजार आहे. अजून नोकरीत आहोत असं वाटतं त्यांना."

म्हाताऱ्यानं कॉलर लगेच सोडली. चुरगळली होती ती हातानं सरळही केली. गर्दी एकदम मवाळ झाली. दर्ग्याला निघालेल्या बाईनं चुकचुक केलं. आणि जाधवबाई दोन पावलं पुढं आल्या, कंट्रोलरांच्या तोंडाशी वाकल्या आणि मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलावं तसं म्हणाल्या, "कंट्रोलर साहेब, मला ओळखलं का?"

त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या फाटकाकडं.

"नाय," ते म्हणाले. "कोन तुमी?"

"नाही ओळखलं," जाधवबाई वळून म्हणाल्या.

बसस्थानकावरून त्यांना ताकीद आली, पुन्हा पाऊल ठेवायचं नाही. मिस कॉलची सेवा बंद पडली. वेड्याचा सल्ला कोण घेणार. मी चार दिवसांनी त्यांच्याकडं गेलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, पण त्यांनीच सुरुवात केली.

"साहेब, दिवसाला धा जन इचारत्यात, ओळखलं का. लई वंगाळ वाटतं. मायला काय वाटलं आसंल ते आता कळायलं." मग पेल्यातलं पाणी प्याले. "पन एक झालं. मी म्हनतो, परीक्षा घेऊ नगा, आधी नाव सांगा. तर सांगत्यात. शहाना व्हतो तवा कोन ऐकत नव्हतं. येड्याचं ऐकायलेत."

हे खरं होतं. कॉलनीत लोक त्यांना पाहिलं की आधी नाव सांगत, कुठून आलो सांगत. शेखभाई तर रोज म्हणत, "कंट्रोलर साब, मै शेख. डेअरी से. दूध के रास्ते." तीच सवय हळूहळू दुसरीकडंही लागली. माझ्या बायकोशीही लोक तसंच बोलू लागले, सवयीनं, आणि ती पुन्हा हळदीकुंकवाला जाऊ लागली. म्हणजे जे त्यांनी इतकं सांगून झालं नाही ते माझ्या खोटेपणानं झालं. ही सबब मी पुढं पुष्कळ वापरली. सगळं चांगलंच चाललंय, आता कशाला बोलायचं? पुतण्या येऊन त्यांना सिल्लोडला घेऊन गेला, तेव्हाही मी फाटकाशी हात हलवत होतो. त्यांनी रिक्षातून पेला तोंडाशी धरला होता, पण रिक्षाच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. पेला तेवढा तोंडाशी जाताना दिसला, एकदा आणि पुन्हा एकदा.

परवा पुतण्या आला. काका गेले, म्हणाला. हातात एक पिशवी होती. "काका म्हनले, हे अध्यक्षांना द्या." आत त्यांचा बटनांचा फोन होता आणि एक डबा.

तो चहा पिऊन गेल्यावर मी डबा आतल्या दारावर लावला आणि खोलीत पाऊल टाकलं. पत्र्याच्या छपराखालचा तोच आवाज.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. आत येत असलेले गृहस्थ आपले यजमान आहेत. माणूस भित्रा आहे, पण गाडी मुक्कामी आहे. आपल्याला सोडून सुटणार नाही."

बायको मटार सोलत बसली होती. तिनं दुसऱ्यांदाही सगळं ऐकून घेतलं, माझ्याकडं पाहिलं आणि बाजूला सरकून जागा केली. "बसा," म्हणाली. अलीकडं ती मला परकाच समजायची.

मी मटाराची शेंग घेतली, तेवढ्यात तो फोन एकदा वाजून बंद झाला. मिस कॉल. मी शेंग खाली ठेवली आणि आलेला नंबर लावला.

"नमस्कार," मी म्हणालो. "विसरण्याच्या आजाराची माहिती देणाऱ्या सेवेत..." पुढचं मला सगळं पाठ होतं.

पलीकडं कोणी तरी म्हणालं, "हे मशीन पहिल्यासारखं बोलत नाही." नाकातून बोलत होतं. आवाज मी ओळखला. कोणाचा, ते इथं लिहिणार नाही. कॉलनीतला होता आणि त्या दिवशी फाटकाशी होता, एवढं पुरे. मशीनपुढं नाकातून कोण बोलतं? सगळ्यांनाच माहीत होतं तर, मशीन कोण आहे ते.

"सेवेत बदल झालेला आहे," मी म्हणालो. "घरात कोणाला असेल, तर दोन दाबा."

टूं आवाज आला. त्यानंतर मात्र काहीच नाही. नुसता श्वास. फोन ठेवावा की बोलावं, हे ठरत नसलेल्या माणसाचा. मला तो श्वास चांगला ओळखता येतो. माझ्याशेजारी बायको एकेक दाणा वाटीत टाकत होती.

"आमच्या घरातही आहे," मी म्हणालो. "माझ्या बायकोला."

मग मी तेच पुन्हा एकदा सांगितलं.